राज्यशास्त्रवाली

पस्तीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं. उन्हाळ्यात सायकलवर, पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन. त्यामुळे नोकरीचा लिफाफा मी न उघडता ओळखायचो. परीक्षेचं बोलावणं पातळ असायचं, नेमणूक जाडसर असायची, आणि नकार बहुधा येतच नसे. कोणाच्या पोराला कशावर नोकरी लागली हे कोसमटोल्यात माझ्याएवढं कोणाला माहीत नव्हतं. म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या पोरीने, दिव्यानीने, बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा मी त्याला स्पष्टच सांगितलं होतं.

"पत्रू, डी.एड.चे लिफाफे मी वाटले, आय.टी.आय.चे वाटले, वनरक्षकाचे वाटले. राज्यशास्त्राचा एकही नाई वाटला."

पत्रू ओट्यावर बसून फाटलेलं जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही. "तिले आवडते, भाऊ," एवढंच म्हणाला.

आम्ही ढीवर, मच्छी धरणारे. जमीन नाही, तलाव हीच आमची शेती. दोघा भावांचं घर एकच, मधे कुडाची भिंत. माझी रुखमाबाई वारल्यापासून माझं जेवण पत्रूची बायको मंगली करते, आणि मूलबाळ नसल्याने माझा सगळा जीव दिव्यानीवर आहे. जीव आहे म्हणूनच चिडत होतो.

पोरगी पहिल्या वर्गात पास झाली आणि गावाला चघळायला विषय मिळाला. गुणवंतराव, ज्यांची तलावाखाली सगळ्यात मोठी धानाची शेती, ते तिला पाहिलं की हाक मारायचे, "काय वं राज्यशास्त्रवाली, कोनतं राज्य घेतेस मंग चालवाले?" आजूबाजूचे हसायचे. तीही हसायची, पण घरी आली की भांडी जरा जोरात ठेवायची.

कॉलेजच्या सरांनी पदवीनंतरचे मार्ग सांगितले होते. ते तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून देवाच्या फोटोशेजारी टांगले. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, वकिली, बी.एड., वर्तमानपत्र, सामाजिक संस्था. मंगलीला वाचता येत नाही, पण रोज फोटो पुसताना ते कॅलेंडरही पुसायची. "सात रस्ते आहेत म्हणे भाऊजी," ती मला सांगायची, "एक तं लागन."

एक लागायचाच होता. पण त्या साली तलाव लवकर आटला, मच्छी झाली नाही आणि जानेवारीत सगळं घर मिरची तोडायला तेलंगणात गेलं. दिव्यानीही गेली. सव्वा महिना मिरची तोडून ती तिथूनच रेल्वेने परस्पर चंद्रपूरला राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला आली. हात साबणाने तीनदा धुतले, राखेने घासले. पण मिरची तोडणाऱ्याच्या हातातली आग अशी जात नाही, नखांच्या कडेला बसून राहते. हॉलमध्ये उकडत होतं, घाम डोळ्यांत आला आणि पोरीने सवयीने हाताने डोळे पुसले. पुढचा पाऊण तास तिला कागदावरचं अक्षर दिसलं नाही. चाळीस प्रश्न कोरे राहिले. ती पाच गुणांनी गेली. सगळे गावी परतल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा पत्रू उठून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला.

यंदा तीच परीक्षा पुन्हा फेब्रुवारीत होती, आणि यंदाही हस्ताने दगा दिला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी पाऊस गेला तो गेलाच. उशिरा पिकणारा भारी धान पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात. तलावाच्या पाण्याचं दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, त्याची किल्ली बारा वर्षांपासून गुणवंतरावांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. त्यांनी तुडूम उघडलं आणि ते उघडंच राहिलं. नहर दिवसरात्र वाहू लागली. तलाव दिवसाला चार बोटं उतरू लागला.

पत्रू डोंगा घेऊन मधे गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात त्याने बांबूचा खुंटा ठोकला. खुंट्याला लाल चिंधी बांधली. "चिंधीच्या खाली पानी गेलं का मच्छीबीज मेलं," तो मला म्हणाला. "मंग पुसाच्या महिन्यात जाळं टाकून फायदा नाई. मिरचीले जा लागन."

दिव्यानी पारीवर बसून ऐकत होती. तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग उठली.

पहिला उपाय तिने पुस्तकातला केला आणि तो सपशेल आपटला. कोऱ्या कागदावर सभेची सूचना लिहिली, खाली विषयपत्रिका, पहिला विषय 'तलावातील जलसाठ्याचे समन्यायी वाटप', आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवली. सभेला आम्ही सहा ढीवर आणि पंचायतीच्या ओट्यावर रोज बसणाऱ्या दोन बकऱ्या. एकीने सूचनेचा अर्धा कागद खाऊनही टाकला.

"पोरी, बुधवारी सिंदेवाहीचा बाजार असते," मी म्हणालो. "बाजाराच्या दिवशी कोन येते तुह्या सभेले?"

मला वाटलं रडेल. ती बकरीकडे पाहत म्हणाली, "मीच चुकली, मोठेबाबा. ते जिथी आहेत तिथी मले गेलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून ती आणि मंगली सकाळी भाकर बांधून नहरीने चालू लागल्या. मीही मागून काठी टेकत गेलो, कारण घरी बसवेना. तुडुमापासून शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत, अडीच किलोमीटर. मंगली हाताला मिळेल ते काम करायची, कोणाचा धुरा फुटला असेल तर चिखल लावून द्यायची, कोणाचं गवत काढू लागायची. ती कामाला लागली की शेतकरीण थांबायची, आणि शेतकरीण थांबली की दिव्यानी विचारायची. तुमच्या किती बांध्या? घोट्याएवढं पाणी भरायला किती वेळ लागतो? पाणी कोण अडवतं? शेवटचा प्रश्न ती हळूच विचारायची.

चार दिवसांत मला जे कळलं ते पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. तुडुमाजवळच्या बांध्यांत पाणी गुडघ्याला लागलेलं, वरून सांडून नाल्यात चाललेलं. आणि शेवटच्या टोकाला बुधरीच्या बांधीला भेगा पडलेल्या. बुधरी एकटी बाई, नवरा वाघाने नेलेला, दोन एकर धान. भेगेत तिने आपलं बोट घालून दाखवलं, मुळापर्यंत गेलं.

"वरचे पानी काऊन सोडत नाई, मावशी?" दिव्यानीने विचारलं.

"सोडतीन कसे? आज सोडलं तं उद्या आपल्याले भेटन याचा भरोसा कोनाले आहे?" बुधरी म्हणाली. "वरच्याच्या जागी मी असती तं मीबी नसतं सोडलं."

परतताना दिव्यानी वाटेतल्या बांध्या मोजत चालली होती. मग एकदम म्हणाली, "मोठेबाबा, हे आपल्या मच्छीच्या इरोधात नाईत. हे एकमेकांले भेऊन राह्यले. पाळी लावली तं अर्ध्या पान्यात साऱ्यांचा धान होते."

"आन् पाळी लावन कोन? किल्ली गुणवंतरावाकडे. त्याची बांधी तुडुमाच्या तोंडाशी. त्याले काय गरज?"

"तेच पाहून राह्यली," ती म्हणाली.

काय पाहत होती ते तीन दिवसांनी कळलं. तलावाच्या पारीखालीच गुणवंतरावांचा वाडा आणि वाड्याच्या अंगणात विहीर. दिव्यानी रोज सकाळी पाणी मागायच्या निमित्ताने तिथे जायची. गुणवंतरावांच्या बायकोला विचारून ती विहिरीत पत्रूच्या जाळ्याचा दोर सोडायची, टोकाला जाळ्याचं शिसं, आणि दोराला हातहातभर अंतरावर गाठी. ओल कोणत्या गाठीपासून सुरू होते ते मोजायची. चौथ्या दिवशी गुणवंतराव दात घासत अंगणात आले आणि त्यांनी तिला दोर ओढताना पकडलं. मी फाटकाशी होतो.

"काय वं, आता माह्या विहिरीतली मच्छी धरतेस का?"

"काकाजी, तुमी तुडूम उघडलं त्या आठोड्यात काकीनं पोहरा टाकला का नऊ हात दोर लागे. काकीले इचारा. आज साडेअकरा हात लागला." तिने ओल्या दोराची गाठ त्यांच्यापुढे धरली. "तलाव उतरला का तुमची विहीर उतरते. तलाव सुकला का मार्चात तुमच्या सोळा ढोरांले पानी कुठून पाजसान?"

गुणवंतरावांनी दातवण तोंडातून काढलं. बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं आहे तिचं. माहे हात दुखून राह्यले ओढूओढू."

ते विहिरीच्या काठावर गेले, वाकून पाहिलं, दोर स्वतःच्या हाताने सोडला आणि स्वतःच्या हाताने गाठी मोजल्या. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "हे राज्यशास्त्रात शिकवतात का?"

"नाई काकाजी, दोर बाबाचा आहे. कोनाले काय इचाराचं, ते शिकवतात."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, पण वाड्याच्या अंगणात उभं राहून गुणवंतरावांशी नजर वर करून बोललो नाही. ती पोरगी पायात चप्पल नसताना, साडेअकरा हात दोर हातात धरून बोलली.

गुणवंतराव मानले, पण अर्धेच. "पाळीचा नंबर कोन ठरवन? चिठ्ठ्या म्हनशीन तं नाई चालनार. पंचायतीच्या वेळेस चिठ्ठ्या टाकल्या तं कोनी तरी आपली चिठ्ठी माठाखाली थंड करून आनली होती, हाताले थंड लागली का तेच उचलाची म्हनून. आजून भांडन सुरू आहे."

"चिठ्ठ्या नाई," दिव्यानी म्हणाली. "बाबा पाठमोरा बसन."

पाठमोरा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जाळं ओढून झालं की पारीवर मच्छीचे हिस्से मांडतात. एक माणूस हिश्शांकडे पाठ करून बसतो. दुसरा एखाद्या हिश्शावर काठी ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोऱ्याने न पाहता एक नाव घ्यायचं. घेतलं नाव, संपला वाद. आमच्या बापापासून ही जागा आमच्या घरात आहे आणि पत्रूने घेतलेल्या नावावर आजवर कोणी तोंड वाकडं केलं नाही.

गुणवंतराव हसले. "अठ्ठावीस शेतकऱ्यांचा नंबर ढीवराच्या पाठीवर?" मग हसता हसता थांबले. स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "त्याची एक तरी बांधी आहे का तलावाखाली?"

"नाई."

"कोनाचा जावई, साळा, कोनी?"

"कोनी नाई."

"मंग बसू दे त्याले."

आम्हाला जमीन नाही हे आजवर आम्हाला टोचून सांगितलं गेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्या बाजूने मोजलं गेलं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता पारीवर सगळे जमले. बाजार नव्हता, दिव्यानीने आधी विचारून घेतलं होतं. तिने पारीवर अठ्ठावीस ढेकळं एका रांगेत ठेवली. पहिलं ढेकूळ म्हणजे पहिली पाळी, शेवटचं म्हणजे शेवटची. रांगेच्या दोन हात पुढे, तलावाकडे तोंड करून पत्रू मांडी घालून बसला. अंगात धुतलेला बंडी-शर्ट, जो तो मार्कंड्याच्या जत्रेलाच घालतो. अठ्ठावीस नावं त्याच्या तोंडपाठ होती. तीन दिवस जाळं सांधताना तो तीच पुटपुटत होता.

आमच्यातल्या कोलूने बांबू उचलला आणि मधल्याच एका ढेकळावर ठेवला. "हे कोनाचं?"

"सखाराम बोरकर," पत्रू म्हणाला.

बांबू कधी पुढे, कधी मागे. दुसऱ्या ढेकळावर ठेवला तेव्हा पत्रूने बुधरीचं नाव घेतलं. बुधरीने पदर तोंडात धरला. तुडुमाजवळचे चार जण शेवटी शेवटी गेले, त्यांची कुजबुज झाली. मग कोलूने तेविसाव्या ढेकळावर बांबू ठेवला.

"हे कोनाचं?"

पत्रूला दिसत नव्हतं. समोर तलाव आणि लाल चिंधी, एवढंच. "गुणवंतराव," तो म्हणाला.

तेविसावी म्हणजे आठव्या दिवसाची पाळी. ज्यांच्या हातात बारा वर्षं किल्ली त्यांना आठवा दिवस. गुणवंतरावांची मान लाल झाली. त्यांच्या पुतण्याने एक पाऊल पुढे टाकलं. पत्रूच्या पाठीवरचा शर्ट घामाने चिकटलेला मला दिसत होता, पण त्याने वळून पाहिलं नाही. पाठमोऱ्याने सगळी नावं होईपर्यंत वळायचं नसतं.

गुणवंतरावांनी पुतण्याला हाताने मागे सारलं. खिशातून तुडुमाची किल्ली काढली आणि दिव्यानीच्या हातात दिली.

"पयला नंबर ज्याचा आहे त्याले पानी सोड," ते म्हणाले. "आन् कोलू, थांबला काऊन? पुढचं ढेकूळ."

पुढचे दहा दिवस दिव्यानी नहरीवरच होती. दिवसाला तीन पाळ्या, अंधार पडायच्या आत तुडूम बंद. ती घोट्याएवढं पाणी काडीने मोजायची, भरलं की स्वतः फावड्याने तोंड बुजवायची. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, पोटरीला जळवा लागायच्या, मंगली संध्याकाळी मीठ लावून त्या काढायची. एकदा एका बांधीचं बुजवलेलं तोंड पुन्हा फुटलेलं दिसलं. मालक म्हणाला, खेकड्याने भोक पाडलं असेल.

"खेकडा फावडा घेऊन आलता का?" दिव्यानीने फावड्याच्या चौकोनी खुणेवर पाय ठेवून विचारलं. त्याच्याच बायकोला हसू आवरेना. त्याने मुकाट्याने तोंड बुजवलं, आणि तसा खेकडा पुन्हा कुठे निघाला नाही.

आठव्या दिवशी गुणवंतरावांची पाळी आली. ते स्वतः धुऱ्यावर छत्री घेऊन बसले. अर्ध्याच वेळात बांध्या भरल्या, कारण पारीखाली ओल असतेच. ते उठले आणि म्हणाले, "बस कर, राज्यशास्त्रवाली. राह्यलेलं तलावात राहू दे." नाव तेच होतं, पण त्यात या वेळी कोणी हसलं नाही.

दहाव्या दिवशी तुडूम बंद झालं. पत्रू डोंगा घेऊन खुंट्यापर्यंत गेला आणि तिथूनच त्याने हात वर करून दोन बोटं दाखवली. पाणी चिंधीच्या दोन बोटं वर होतं.

बुधरीचा धान पिकला. गुणवंतरावांचा दरवर्षीसारखाच पिकला, हे त्यांनी स्वतः चारचौघांत सांगितलं. पुसात जाळं टाकलं तेव्हा कतला, रोहू आणि हातभर मरळ निघाली. घराला कुलूप लागलं नाही. तेलंगणाला जाणारी गाडी चौकात येऊन उभी राहिली, तेव्हा मंगली दारात उभी राहून ती गाडी जाईपर्यंत पाहत होती.

जानेवारीत शेजारच्या दोन गावांची माणसं आमच्या ओट्यावर आली. त्यांच्याही तलावाखाली उन्हाळी धानावरून डोकी फुटायची वेळ आली होती. पोरीने येऊन पाळी लावून द्यावी, घरामागे पायलीभर धान देऊ, असं म्हणाले. ती गेली. पत्रूही गेला, पाठमोरा बसायला. परत आल्यावर मंगलीने कॅलेंडर खाली काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे काम कोनत्या रस्त्यात येते वं?"

दिव्यानीने सातही मार्ग वाचले. "कोन्यातच नाई, माय."

"मंग लिही खाली."

"नाव काय लिहू? याले नावच नाई आजून."

"नसू दे. जागा सोडून ठेव," मंगली म्हणाली.

फेब्रुवारीतल्या रविवारी मी तिला घेऊन चंद्रपूरला गेलो. पहाटेची एस.टी., मग ऑटो. केंद्राच्या फाटकावर शेकडो पोरं-पोरी, हातात जाडजूड पुस्तकं, चेहरे उतरलेले. दिव्यानीच्या हातात फक्त पाण्याची बाटली आणि ओळखपत्र होतं. एका पोरीने तिला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "गावी पान्याच्या पाळ्या लावते." त्या पोरीला काही कळलं नाही. मला सांगावंसं वाटलं, पण कुठून सुरू करणार?

"मोठेबाबा, हे नाई झालं तरी बुधवारी शेजारच्या गावी पाळ्या लावाले परत जा लागते," ती रांगेत उभी राहून मला सांगत होती. "नाई, बुधवारी नाई. बुधवारी बाजार. गुरुवारी." ऊन चढलं होतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळला आणि डोळ्यांत उतरला, आणि तिने सवयीने हात वर नेला.

"हात!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने की पुढची दहा माणसं वळली. "पोरी, डोळ्याले हात नको लावू!"

तोवर तिने लावला होता. दोन्ही हातांनी तिने दोन्ही डोळे चांगले चोळून पुसले. मग उघडले. स्वच्छ, काळे, आमच्या आईचे असायचे तसे.

"पाहा मोठेबाबा," ती म्हणाली. "काईच नाई होत." आणि हात माझ्या नाकापुढे धरले. "मच्छीचा वास येते फक्त."

ती आत गेली. मी फाटकाबाहेर उभा राहून रडलो, आणि कोणी पाहत असेल तर पाहू दिलं.